सेव्ह पॉईंट येऊ दे

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन ते पाच या वेळेत संचारबंदी लावायची गरज पडत नाही. पारा ४५ च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षावाले कडुनिंबाखाली आडवे. नंदनवनातल्या आमच्या घरात कूलर एकच, त्यामुळे त्या तीन तासांत सगळं घर एकाच खोलीत. आई खिडकीशी पोथी घेऊन, बायको खाली सांबार निवडत (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: कोथिंबीर), मुलगी गादीवर लोळत, आणि मी कोपऱ्यात पाठीला उशी लावून. माझ्या हातात छोटंसं मशीन, मशीनमध्ये चार बुटके योद्धे आणि त्यांच्यासमोर त्यांच्या दहापट मोठा राक्षस.

"अहो, कूलरमधलं पाणी संपून राहिलं."

"सेव्ह पॉईंट येऊ दे, उठतोच."

आमच्या कूलरला सात बादल्या पाणी लागतं. पाइप आहे, पण तो नळापासून खिडकीपर्यंत दीड फूट कमी पडतो, आणि तो दीड फूट पाइप आम्ही २०१६ पासून आणणार आहोत. तोवर बादल्या. एवढ्या उन्हात अंगणातल्या नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, आणि बादली उचलून खिडकीपर्यंत नेताना निम्मं पायावर सांडतं. अशा कामापासून पंधरा वर्षं माझं रक्षण कुठल्या ढालीने केलं असेल तर वरच्या त्या एका वाक्याने.

सेव्ह पॉईंट म्हणजे काय, हे मी बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. आवाज असा की ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टर बाहेर आलेत. जुने जपानी रोल-प्लेइंग गेम तुम्हाला वाटेल तिथं थांबू देत नाहीत. गुहेत शिरलात की जमिनीवर चमकणारी एखादी ठरावीक जागा सापडेपर्यंत चालत राहायचं, तिथं पोचलात की खेळ लिहून ठेवायचा. त्याआधी मेलात तर मागचे दोन तास पाण्यात. फायनल फॅन्टसी या मालिकेच्या १९९० च्या तिसऱ्या भागात तर शेवटच्या बुरुजात शिरल्यावर ही सोयच नव्हती. तासन् तास लढत वर जायचं आणि टोकाशी हरलात तर पुन्हा पहिल्यापासून. बायको समंजस आहे. ती म्हणाली, "म्हणजे पुरण शिजायला ठेवलं की उठता येत नाही तसं." मी म्हटलं, अगदी तसंच.

आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या हातात होता निन्टेन्डो डीएस, म्हणजे डबीसारखं मिटणारं खेळायचं मशीन, अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेलं, आणि त्यात क्रोनो ट्रिगर हा तसलाच जपानी खेळ. मूळ खेळ १९९५ चा, टीव्हीला जोडायच्या मशीनसाठीचा. डीएसवर तो २००८ मध्ये आला. या डीएसचं झाकण मिटलं की खेळ जिथल्या तिथं झोपतो. राक्षसाची तलवार हवेत असेल तर हवेतच. दोन तासांनी झाकण उघडा, तलवार तिथंच. पुढे घेतलेल्या पीएसपी या सोनीच्या मशीनमध्येही बटण सरकवलं की तेच. थोडक्यात, पुरण होतं, पण गॅस बंद होता. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

बायकोचा संशय वेगळ्याच बाजूने आला. दर दोन-चार वर्षांनी मी काहीतरी नवीन घेतो आणि पडद्यावर तेच चार बुटके.

"हा तोच गेम आहे ना?"

"नाही, हा नवीन आहे."

"मग राक्षस तोच काऊन?"

उत्तर द्यायचा मी प्रयत्न केला. पहिला फायनल फॅन्टसी १९८७ चा. तो २००० मध्ये वंडरस्वान कलर नावाच्या जपानी हॅन्डहेल्डवर आला, २००४ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सवर, २००७ मध्ये पीएसपीवर, २०१० मध्ये आयफोनवर, आणि २०२१ मध्ये पिक्सेल रीमास्टर म्हणून, म्हणजे घासूनपुसून, पुन्हा. मध्येच मी सांगून बसलो की सहावा भाग १९९४ मध्ये अमेरिकेत तिसरा म्हणून विकला होता, आणि चौथा त्याआधी दुसरा म्हणून. हे ऐकून आईने पोथीतून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "आपल्याकडे मोठ्या काकूले सारे धाकटी म्हणतात तसं." मला आजवर कोणी इतक्या लवकर समजून घेतलेलं नाही.

बायकोने मात्र विषय एका वाक्यात मिटवला. "म्हणजे कूलर तोच, दर एप्रिलला खस नवी."

अपमान होता, पण उपमा चुकलेली नव्हती. गेमबॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला मागून उजेड नव्हता, म्हणून जुने खेळ त्यावर आणताना रंग भडक केले; पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, म्हणून चित्राच्या कडा कापल्या; स्पीकर लहान, म्हणून संगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. खस नवी, हवा तीच, थोडा वेगळा वास. आणि ज्या पिढीने हे खेळ पोरवयात पाहिले, तिला आता त्यातली अक्षरं दिसत नाहीत. २०२१ च्या रीमास्टरमधला फॉन्ट इतका काटकुळा होता की लोक चिडले. २०२३ मध्ये स्विच या निन्टेन्डोच्या पुढच्या मशीनवर रीमास्टर आला तेव्हा जुन्या वळणाचा फॉन्ट निवडायची सोय दिली. मी तो निवडला. तरीही 'औषध वापरू का?' आणि 'पळू का?' यातला फरक कळायला मला दीड नंबरचा चष्मा लागतो, आणि दोनदा मी चुकून पळालेलो आहे.

या स्विचच्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे. वाटेत अचानक अंगावर येणारे राक्षस एका बटणाने बंद करता येतात. चालत राहा, कोणी भेटणार नाही. हे बटण मला बर्डीच्या बाजारात हवंय. व्हरायटी चौकातून पायी जाताना बाबांचे जुने मित्र असेच अवचित उगवतात आणि "काय बे, कुठं असतो आजकाल?" एवढा एकच वार करून अर्धा तास घेऊन जातात.

असो. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मी सहाव्या भागातल्या ऑपेरापर्यंत पोचलो होतो. यात सेलेस नावाची लढवय्यी सेनापती एका गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते, आणि गाण्याच्या ओळी आधी पाठ करून वेळेवर योग्य ओळ निवडायची असते. १९९४ मध्ये मशीनला गाता येत नव्हतं. पेटीचा भाता फाटल्यासारखा एक सूर निघायचा आणि आपण त्याला गाणं समजायचो. नव्या आवृत्तीत खऱ्या गायिका गातात, सात भाषांत. मी इटालियन लावलं. खोलीत एकदम शांतता. कूलरसुद्धा हळू फिरतोय असं वाटलं. (पाणी संपलं होतं.)

आईने पोथीत बोट ठेवून ऐकलं. संगीत नाटकं ऐकत वाढलेली बाई. म्हणाली, "आवाज चांगला आहे. पण तान काऊन घेत नाही?"

"अहो, पाणी," बायको म्हणाली.

"सेव्ह पॉईंट येऊ दे."

तेव्हा माझी अकरा वर्षांची मुलगी, जिला मी स्वतःच्या हाताने हे खेळ शिकवले, जिच्या वाढदिवसाला मी तलवारवाल्या बुटक्याचा केक आणला होता, ती गादीवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, हे गाणं संपलं की मेन्यू उघडा. यात क्विक सेव्ह आहे. कुठंही होतं."

बायकोचा सांबार निवडायचा हात थांबला. "कुठंही?"

"लढाई चालू नसली की कुठंही. आणि लढाई चालू असली तरी वरचं बटण दाबलं की मशीन झोपतंच ना. ते तर जुन्या डीएसमध्ये पण होतं. झाकण लावायचं फक्त."

"कोणत्या डीएसमध्ये?"

"तो माळ्यावरचा. मी लावून पाहिला ना दिवाळीत."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. सेलेस ओळीसाठी थांबली होती आणि मी चुकीची निवडली.

बायको चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मनातल्या मनात हिशेब केला, आणि तो चेहऱ्यावर दिसत होता: पंधरा उन्हाळे, रोज सात बादल्या. त्या दिवसापासून माझ्या हातात मशीन दिसलं की हाक येते ती अशी: "अहो, सेव्ह करा आणि उठा." दळण, गॅस सिलिंडर, टेरेसवरच्या कुरड्या, शेजारच्या काकूंना उतरवून घ्यायचं पार्सल. दीड फूट पाइपसुद्धा मीच आणला, आणि आणल्यावर कळलं की नळाला त्याचं तोंडच बसत नाही. बादल्या चालूच.

परवा पाचव्या बादलीला मी उंबरठ्यावर टेकलो. आतून बायकोचा आवाज आला, "आई, जरा एवढा लसूण सोलून द्याल का?"

खिडकीतून आईचा हात वर झाला. "अध्याय पुरा होऊ दे. मधून उठता येत नाही."

"हो हो, वाचा तुम्ही," बायको लगेच म्हणाली, आणि स्वतःच लसूण घेऊन बसली.

मी बादली टेकवली आणि खिडकीतून आत डोकावलो. पोथी मांडीवर उघडी होती. चष्मा कपाळावर. आई हलकेच घोरत होती.