फिन कडकच हवी, हे कोणी सांगितलं?

भाची पुढच्या महिन्यात इजिप्तला निघाली आहे, दहाबला, फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे सिलिंडर न लावता एका श्वासावर बुडी मारण्याच्या, कोर्सला. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला, ‘खोल जायचंय? हे पाच नियम पाळा’, आणि खाली प्रश्न: “मामा, फिन हार्डच घेऊ ना?” फिन म्हणजे पायात घालायचं लांब पात्याचं वल्हं; ते पातं म्हणजे ब्लेड. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज आणखी दोघांकडून आला. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नियम पहिला: फिन जितकी कडक, तितका वेग. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. ब्लेड वाकवण्याइतकं बळ पायात असेल तर कडक फिन एका किकमध्ये जास्त पाणी मागे लोटते. बळ नसेल तर ब्लेडऐवजी गुडघा वाकतो. रविवारी तलावावर भाचीला उसनी हार्ड जोडी घालायला लावली आणि मी गॉगल लावून पाण्याखालून बघत राहिलो. ब्लेड फळीसारखं ताठ, गुडघे सायकल मारल्यासारखे पोटाकडे. तिसऱ्या लॅपला पोटरीत गोळा आला, मॅडम भिंत धरून उभ्या. मग सॉफ्ट जोडी दिली. किक खुब्यापासून, गुडघा जेमतेम सैल, पाऊल ताणलेलं, पुढे-मागे सारखाच जोर. मऊ फिनने मोठे फटके मारले तर ब्लेड नुसतं दुमडतं, म्हणून किक लहान आणि किंचित जलद. सगळे लॅप झाले आणि वर आल्यावर पहिलं वाक्य वडापावबद्दल होतं.

आणि ‘हार्ड’ म्हणजे नेमकं किती? एका कंपनीचं हार्ड दुसऱ्या कंपनीचं मीडियम निघतं. घालून बघितल्याशिवाय कळत नाही.

फिनवरच खोली ठरते म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: न्यूझीलंडचा विल्यम ट्रूब्रिज 2016 साली बहामातल्या डीन्स ब्लू होलमध्ये 102 मीटर खाली जाऊन आला. फिन न घालता.

दुसरा नियम: ब्लेड कार्बन फायबरचंच घ्या. कार्बन हलका, चटकन सरळ होतो, कबूल. पण खडकावर आपटला की गेला, आणि कार्बनमध्येही सॉफ्ट मिळतं.

तिसरा: तळापर्यंत एकाच जोराने किक. का? 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते, म्हणून अंगाचं तरंगणं कमी होत जातं. जोर लागतो तो पहिल्या काही मीटरना, कारण तिथे पाणी वर ढकलत असतं. पुढे अंग आपोआप बुडायला लागतं, तेव्हा पाय बंद ठेवायचे. वर येताना उलटं: तळाशी जोर, पृष्ठभागाजवळ हलकं.

आता चौथा, ज्याच्यामुळे मी खरोखर चिडलो. ‘हार्ड फिनला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून बुडीआधी तीस जोरजोरात श्वास घ्या.’ अहो, निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन एरवीच 97-98 टक्के भरलेला असतो. जोरजोरात श्वास घेऊन तो फारसा वाढत नाही, कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि ‘आता श्वास घे’ ही हाक मुख्यतः त्याचीच असते. म्हणजे गॅस मोठा करायचा आणि कुकरची शिट्टी दाबून धरायची. वर येताना 10 मीटरपासून पृष्ठभागापर्यंत दाब निम्मा होतो, फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही तसाच उतरतो. खाली ठणठणीत वाटणारा माणूस हातभर पाणी उरलेलं असताना शुद्ध हरपतो. शेजारी कोणी नसेल तर संपलंच. हे ज्याने लिहिलं त्याने पुढच्या ओळीत हसरा इमोजी टाकलाय.

पाचवा: फिन एक नंबर मोठी घ्या. घ्या, आणि फोड मोजा.

भाचीला उत्तर पाठवलं: सॉफ्ट घे, बुडीआधी शांत श्वास, आणि जोडीदार पाण्यात नसेल तर तूही नाही. तिचा अंगठा आला. पाठोपाठ प्रश्न: “मामा, निळी घेऊ की काळी?”