पद्मिनीच्या इंजिनाबद्दलच्या २ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं की पद्मिनीचं इंजिन आमच्याकडे पूर्ण करून घेतलं तरी पिकअप नाही, दुपारच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते, हेड फेसिंगचे (इंजिनाचं वरचं झाकण घासून सपाट करायचे) पैसे उगाच लावले, आणि मोठा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवून द्या म्हटलं तर आम्ही सरळ नाही म्हणालो. वडिलांची गाडी आहे, जीव अडकलाय तुमचा तिच्यात, ते आम्हाला दिसतं. म्हणून सविस्तर लिहितोय, हेच प्रश्न बाकीचे पद्मिनीवाले पण विचारत असतात.

आधी हेड. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पाणी संपून गाडी एकदा जरी जोरात तापली तरी हेड वाकतं. तुमचं हेड उतरवल्यावर त्यावर सरळपट्टी धरली तर मधल्या दोन सिलिंडरच्या मध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.१५ मिलिमीटरचं पातं आरामात आरपार जात होतं, आणि हेड-ब्लॉकच्या मधल्या जुन्या गास्केटवर दुसऱ्या सिलिंडरकडून तिसऱ्याकडे गेलेली काळी रेघ होती, म्हणजे एकाचं कॉम्प्रेशन दुसऱ्यात पळत होतं. दोन्हीचे फोटो तुम्हाला तेव्हाच पाठवलेत. ०.०५ च्या वर वाकलेलं हेड आम्ही फेस केल्याशिवाय बसवतच नाही, कोणी कितीही घाई केली तरी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या रिंगा) पण तेव्हाच बदलल्या. इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं, ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं, आणि शिसं नसलं की जुन्या मऊ सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातात.

आता पिकअप. १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी), ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि पुशरॉड. मूळ डिझाइन फियाटचं १९३७ चं, आपल्याकडे कुर्ल्याला बनत होतं. पॉवर ४० बीएचपीच्या आसपास. तुम्ही मित्राच्या जुन्या मारुती ८०० शी तुलना केलीत, तिची पॉवर पण साधारण तेवढीच, पण ती गाडी वजनाला जवळपास पाव टन हलकी आहे हो. पद्मिनीचं इंजिन खालच्या आरपीएमला ओढतं, तिसऱ्यात टाकून चढ आरामात चढतं, रेस करायला ते बनलेलंच नाही.

तरी तुम्ही म्हणता तसा ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरते ते खरंय, आणि त्याचं कारण पेट्रोलमध्ये आहे. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. नवीन गाडीत सेन्सर आहे, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आपोआप पेट्रोल वाढवतो. सोलेक्स कार्बोरेटरला यातलं काय कळणार, जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच पेट्रोल जाणार, मग मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, पिकअपला खड्डा पडतो आणि इंजिन जास्त तापतं. म्हणून आम्ही मेन जेट एक नंबर मोठा टाकला, इग्निशनचे पॉइंट नवीन, ठिणगीचं टायमिंग परत लावलं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर सेट केले. ॲव्हरेज कमी झालं म्हणता तर त्यातला काही भाग इथेनॉलचाच आहे, त्यात ऊर्जाच कमी असते. आणि गाडी तुमची रविवारीच निघते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, टाकी अर्धी ठेवून गाडी तीन-तीन आठवडे उभी राहिली तर खाली पाणी साचतं आणि तेच कार्बोरेटरच्या वाटीत येतं. ट्यूनिंग कितीही चांगलं केलं तरी पाण्यावर इंजिन चालणार नाही, म्हणून टाकी भरलेली ठेवा नाहीतर आठवड्यातून एकदा गाडी फिरवा.

दुपारी बंद पडते तो व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलाय, कॅमशाफ्टवर चालतो, ट्रॅफिकमध्ये आयडलला फॅन हळू फिरणार, आणि पंपातच पेट्रोलची वाफ होणार. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. पंपाखालचा उष्णता अडवणारा बेकलाइट स्पेसर आणि सगळे रबर पाईप आम्ही नवीन टाकलेत. याच्यापुढे उपाय म्हणजे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, तो आम्ही सुचवला होता, पण गाडी ओरिजिनल ठेवायचीय म्हणून तुम्ही नको म्हणालात. तुमच्या मताचा मान ठेवला.

मोठा कार्बोरेटर आणि हेड अजून घासून कॉम्प्रेशन वाढवणं याला मात्र आजही नाहीच म्हणणार. या क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टला) मेन बेअरिंग तीनच आहेत, सतत वरच्या आरपीएमला पळवलं की मधलं बेअरिंग आधी जातं. वाढलेल्या कॉम्प्रेशनने गास्केटवर लोड येतो, आणि तुमचं हेड एकदा वाकून फेस झालेलं आहे, अजून घासलं तर पुढच्या वेळी फेस करायला मटेरियलच उरणार नाही. चांगलं हेड आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पण सहज मिळत नाही. आहे तसं ठेवलं तर हे इंजिन किती चालतं ते मुंबईने बघितलंय, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला २० वर्षांची वयाची मर्यादा संपली म्हणून रस्त्यावरून गेली.

एक काम तुमच्याकडून राहिलंय. नवीन गास्केट ५००-६०० किलोमीटरला दबते, मग हेडचे बोल्ट थंड इंजिनावर परत टॉर्क करावे (ठरलेल्या जोराने आवळावे) लागतात आणि टॅपेट परत बघावे लागतात. ते बिलातच धरलेलं आहे, बिलावर लिहिलंय पण. ती सर्व्हिस झालेली नाही आणि त्याआधी गाडी लांब घाटात न्यायची नाही. आदल्या रात्री गाडी आणून लावा म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड मिळेल, आणि टाकीत पेट्रोल कमी असेल तर बरं, तळाचं पाणी काढून टाकतो. जुन्या सीट, जुनी गास्केट, जुना जेट सगळं पिशवीत तुमच्या नावाने ठेवलंय, ते पण घेऊन जा.