बाळाच्या कानांची तपासणी कायद्यानं सक्तीची करा

महाराष्ट्रात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कानांची तपासणी व्हायलाच हवी. बाळ सिव्हिलमध्ये जन्मलेलं असो की गल्लीतल्या छोट्या खासगी प्रसूतिगृहात. आणि ही गोष्ट योजनेच्या भरवशावर न सोडता राज्यानं ती कायद्यात लिहायला हवी. मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. वागळे, कळवा, दिवा, घोडबंदर, सगळीकडून मुलं येतात, आणि बरीचशी माझ्यापर्यंत पोचतात तोवर तीन वर्षांची होऊन गेलेली असतात. मेंदू ऐकायला आणि भाषा उचलायला सर्वांत जास्त तयार असतो तो काळ तोवर बराचसा निघून गेलेला असतो.

दोष आईबापांचा नाही. पहिले काही महिने ऐकू न येणारं बाळही हुंकारतं, हसतं, आईकडे बघतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. वर्ष उलटलं की आजी म्हणते, "बोलेल हो, याचा बापही उशिराच बोलला." मग वेखंड उगाळून चाटवणं, मग कोणीतरी सांगतं की शाळेत घाला, चार मुलांत बसला की बोलायला लागेल.

किसननगरची एक आई मुलाला घेऊन आली. "मॅडम, याला ऐकू येतं. मागे ताट वाजवलं की वळतो." तिनं पिशवीतून स्टीलचं ताट-चमचा आणलाच होता. वाजवलं, मुलगा वळला. मी तिला पडद्याआड उभं केलं, म्हणजे तिचा हात हललेला त्याला दिसणार नाही, की तिची सावलीही नाही. पुन्हा वाजवायला सांगितलं. तिनं जोरात वाजवलं, मग आणखी जोरात. मुलगा रंगीत रिंगा एकावर एक रचत राहिला. पडदा बाजूला करून ती बाहेर आली तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही. त्याचं डिस्चार्ज कार्ड तिनं जपून ठेवलं होतं. वजन, रक्तगट, लस, जन्मानंतर वाढलेली कावीळ, काचेच्या पेटीत ठेवल्याची नोंद, सगळं होतं. कावीळ इतकी वाढलेल्या बाळाचे कान तपासायलाच हवेत, हे आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला माहीत आहे. कार्डावर कानांबद्दल एक ओळ नव्हती.

तपासणी अगदी साधी असते. ओएई म्हणतात तिला. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवायची, काही मिनिटांत मशीन 'पास' किंवा 'रेफर' (म्हणजे पुढे तपासायला हवं) दाखवतं. टोचणं नाही, रक्त नाही. रेफर आलं तर पुन्हा करायची, तरी शंका राहिली तर बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूकडे नीट पोचतो का हे बघणारी तपासणी. पेटीत राहिलेल्या किंवा खूप कावीळ झालेल्या बाळांची बेरा सुरुवातीलाच करावी, कारण काही दोष ओएईत सापडत नाहीत. एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि थेरपी, असं हे वेळापत्रक जगभर मानलं जातं. हजार बाळांमागे एक-दोघांना तरी जन्मतः ऐकण्याचा गंभीर दोष असतो. ठाण्या-नवी मुंबईत वर्षाला किती बाळंतपणं होतात याचा विचार करा.

"अहो, योजना आहेत की!" हे उत्तर मला नेहमी मिळतं. आहेत. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर २०१३ मध्ये पालघरमधून झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमात मुलांना तपासत फिरणाऱ्या पथकांतली माणसं मनापासून राबतात, मी पाहिलं आहे. पण पथक जातं अंगणवाडीत आणि सरकारी-अनुदानित शाळेत. आपल्या शहरात घरकाम करणारी बाईसुद्धा पोटाला चिमटा काढून मुलाला खासगी नर्सरीत घालते. त्या मुलाकडे पथक जात नाही. आणि ज्या खासगी प्रसूतिगृहात तो जन्मला, तिथे तपासणी करा असं सांगणारा नियम नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तपासणी करावी असं लिहिलं आहे. करायची कोणी, जिल्हा रुग्णालयानं, महापालिकेनं की महिला-बालविकास विभागानं, हे ठरलेलं नाही, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

इथेच राज्याचा कायदा हवा, आणि त्यासाठी पाटी कोरी करून बसायची गरज नाही. प्रसूतिगृहांची नोंदणी १९४९ च्या राज्य कायद्याखाली होते. त्याचे नियम सरकारनं २०२१ मध्ये बदलले, रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात आणली. मग आणखी एक कलम घालता येईल: डिस्चार्जआधी ओएई, निकाल कार्डावर, आणि रेफर आलेल्या बाळाची नोंद महापालिकेकडे. पुढची बेराची तारीख ठरावीक दिवसांत मिळणं ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित करता येईल. म्हणजे तारीख मिळाली नाही तर आईला अपील करता येईल, विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

छोट्या दवाखान्यांच्या डॉक्टरांची तक्रार मला समजते. मशीन महाग आहे आणि महिन्याला मोजकी बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी ते परवडणार नाही. तर मग महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मशीन द्या आणि दीड महिन्याच्या डोसला बाळ येतं तेव्हा तपासा. पहिल्या महिन्याची मुदत थोडी हुकेल, पण तीन वर्षं तरी जाणार नाहीत. ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे श्रवणतज्ज्ञांची, पदं मात्र भरावी लागतील. नुसतं मशीन कपाटात धूळ खात पडेल.

कायद्यानं खासगी दवाखाने बदलतात का? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी लागते, फॉर्म भरला जातो. नोंद ठेवण्याची सवय कायद्यानंच लावली. अमेरिकेत हवाई राज्यानं नवजात बाळांच्या श्रवण तपासणीचा कायदा १९९० मध्येच केला होता. केरळ सरकारी प्रसूतिगृहांतून प्रत्येक नवजात बाळाची तपासणी करतं. आपल्याला जमू नये असं त्यात काय आहे?

ठाणे, कळवा-मुंब्रा, ऐरोली, बेलापूर, जिथे तुमचं मत आहे तिथल्या आमदारांना ही मागणी लिहून पाठवा. हीच पोस्ट पाठवलीत तरी चालेल. आणि घरात बाळ येणार असेल तर डिस्चार्जच्या आधी "ओएई झाली का?" असं विचारा, निकाल कागदावर मागून घ्या. झाली नसेल तर डोसच्या दिवशी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन करून घ्या. बाळ पेटीत राहिलं असेल तर बेराबद्दलही तेव्हाच विचारा. मूल मोठं असेल आणि शंका असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी होते. कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, केंद्राच्या योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे थांबू नका.