दावा जिंकलात? आता अजिबात घाई करू नका

निकाल तुमच्या बाजूने लागला, अभिनंदन. किचन ट्रॉल्यांसाठी ऐंशी हजार आगाऊ घेऊन पोबारा केलेल्या ठेकेदाराने ते परत करावेत, असं आता न्यायालयानेच लिहून दिलंय. शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकातून बाहेर पडताना तुम्हाला वाटलं असेल की उद्या सकाळी गडी पैसे घेऊन दारात हजर होणार. तसंच वाटू द्या. हुकूमनाम्याची, म्हणजे पैसे परत करण्याच्या त्या न्यायालयीन आदेशाची, नक्कल लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावा आणि तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाका. त्या ग्रुपवर ठेकेदाराचा एखादा मेहुणा असतोच. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराचं बँक खातं रिकामं झालेलं असेल.

प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यावर. दीडशे वर्षं टिकलेली परंपरा आहे, आणि परंपरा टिकवण्यात पुणेकराने मागे राहायचं म्हणजे काय?

तेव्हा न्यायालयच पैसे वसूल करून आणून देतं, ही समजूत प्राणपणाने जपा. वकील सांगतील की अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त, म्हणजे अर्ज, लावावी लागते आणि ऋणकोची, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याची, कोणती मालमत्ता जप्त करायची तेही आपणच दाखवायचं असतं. बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन जातो, संपत्तीचा शोध घेत फिरत नाही. हे सगळं कानाआड करा. आगाऊ रक्कम ज्या खात्यात ऑनलाइन पाठवली होती, त्या व्यवहाराचा तपशील आधी मोबाइलमधून काढून टाका. नाही तर त्यावरून बँक सापडायची, आणि खात्यातली रक्कम गोठवण्याचा अर्ज करण्याची दुर्बुद्धी व्हायची. सह दुय्यम निबंधकाकडची इंडेक्स टू, म्हणजे मालमत्तेच्या नोंदणीकृत व्यवहारांची सूची, शोधू नका. त्याच्या नावावर बाणेरला फ्लॅट निघाला तर उगाच झोप उडेल.

त्याहून घातक म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला नियम ४१. त्याखाली ऋणकोला स्वतःच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं, आणि आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. सभ्य माणसाने दुसऱ्याला असं खासगी विचारावं का?

हुकूमनामा लघुवाद न्यायालयाचा, म्हणजे छोट्या दाव्यांच्या न्यायालयाचा, असेल तर आणखी एक सोय आहे. ते न्यायालय स्थावर मालमत्तेला हात लावू शकत नाही. फ्लॅट जप्त करायचा तर हुकूमनामा दुसऱ्या दिवाणी न्यायालयात वर्ग करून घ्यायचा. म्हणजे ज्यांनी तुम्हाला जिंकवलं, त्यांच्याकडे आता फक्त जंगम मालाचं काम. आणि जंगम माल म्हणजे काय, तर त्याच संहितेचं कलम ६० वाचा. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची अवजारं, यांतलं काहीच जप्त होत नाही. ठेकेदार उद्या म्हणाला की मी कारागीर, तर त्याचं ड्रिल मशीनसुद्धा वाचतं. उरतो टीव्ही, तो मुलाच्या नावाच्या बिलावर घेतलेला. दारातली गाडी वहिनींच्या नावावर. वहिनी मग त्या गाडीसाठी न्यायालयात हरकत घेतात, त्या हरकतीची चौकशी होते, आणि तुमच्या दरखास्तीला एक धाकटं भावंड मिळतं.

बेलीफाने घरी जायचं तेही सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी. ठेकेदाराला हे तुमच्याआधी माहीत असतं.

पगारदार ऋणको मिळणं पूर्वपुण्याईचं. त्यातही पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. चाळीस हजार पगार असेल तर महिन्याला १३ हजारच हाती लागतात. एकूण चोवीस महिने जप्ती चालली की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मोकळा. तुमच्या ऐंशी हजारांना हे पुरून उरेल, पण तुमचा ठेकेदार पगारदार नाही, हे लक्षात आलंच असेल.

‘त्याला आत टाका’ म्हणणाऱ्या काकांचंही ऐकायला हरकत नाही. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. मात्र त्याच्या पोटापाण्याचा भत्ता आधी तुम्हीच न्यायालयात भरायचा. ज्याने तुमचे पैसे खाल्ले त्याला जेवणही तुम्हीच घालायचं, अतिथीधर्म म्हणतात तो हाच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केलंय की नुसती ऐपत नाही म्हणून कुणाला कैदेत टाकता येत नाही, ऐपत असून टाळाटाळ केल्याचं दाखवावं लागतं. ती ऐपत दाखवायला तुम्हाला पुन्हा इंडेक्स टू लागणार, जी आपण मघाशी शोधली नाही. तो सुटून आला की कर्ज कायम राहतं, पण त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक नाही.

व्याजाचा धाक म्हणाल, तर निकालानंतरचं व्याज साधारणपणे वर्षाला सहा टक्क्यांपर्यंतच असतं. व्यापारी व्यवहारात जास्त मिळू शकतं, पण स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या म्हणजे तुमच्या बाजूने व्यापार नव्हे, असा युक्तिवाद तो करणारच. इतक्या स्वस्तात, तेही तारण, जामीन आणि हप्त्याविना, त्याला कुठली पतपेढी कर्ज देईल? तो फेडत का नाही, असं विचारू नका. तुम्ही त्याच्या जागी असता तर फेडलं असतं का?

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलंय. तो निकाल वकिलांना दाखवू नका, वाईट दिसतं.

मध्येच कधी तरी ठेकेदाराचा फोन येईल. “साहेब, निम्म्यात मिटवा, रोख देतो, कोर्टात कशाला सांगायचं?” हे मात्र अगदी ऐका. कोर्टाबाहेर घेतलेल्या पैशांची नोंद न्यायालयात केली नाही तर अंमलबजावणी करणारं न्यायालय ती फेड विचारातच घेत नाही, हे त्याला कळू देऊ नका. रोख घ्या, पावती देऊ नका, आणि उरलेल्या निम्म्यासाठी दरखास्त लावायला तुम्हाला हुकूमनाम्यापासून बारा वर्षं आहेत. पण जरा उशिराच लावा. हुकूमनामा बराच जुना झाला की न्यायालय जप्तीआधी त्याला नोटीस पाठवतं. तेवढ्या अवधीत बिचाऱ्याला टीव्ही भावाकडे नेऊन ठेवता येतो.