चूज काढून इफ लावले की वेग वाढतो म्हणे!

एक्सएमएल डेटाचं हव्या त्या रूपात रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी भाषेबद्दल नाशिकच्या डेव्हलपर मंडळींमध्ये एक मेसेज फॉरवर्ड होत फिरतोय: "एक्सएसएलटी स्लो चालतंय? चूज काढा, सुटे इफ लावा. 'अँड'मध्ये हलकी टेस्ट आधी लिहा. काउंट टाळा." मला तो तिघांनी पाठवला, म्हणून एकदाच काय ते उत्तर.

आधी चूज. इफ म्हणजे एक सुटी अट, तर चूज म्हणजे अटींची यादी; त्यातली एकेक अट म्हणजे व्हेन, आणि अटीत जे तपासायचं ती टेस्ट. पहिली खरी ठरणारी व्हेन सापडली की प्रोसेसर (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम) खालच्या व्हेनकडे बघतही नाही. सुटे आठ इफ लावलेत तर आठही तपासले जाणार. म्हणजे काम वाढलंच, शिवाय आउटपुट बिघडायची भीती. कांदा लिलावाच्या पावत्या छापणारी एक स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल) मीही एकदा अशीच 'सुधारली' होती. उन्हाळ कांद्याला एक इफ, गोल्टीला (बारीक कांद्याला) दुसरा. उन्हाळमधली गोल्टी दोन्हींत बसली आणि एकाच लॉटपुढे दोन भाव छापून आले! चूजमध्ये गोल्टी वर होती तेव्हा हे होत नव्हतं.

हलकी टेस्ट आधी, हे १९९९च्या १.० आवृत्तीपुरतं बरोबर. डावी बाजू खोटी ठरली की 'अँड'ची उजवी तपासायची नाही, असा तिथे नियमच आहे. २००७च्या २.०ने मात्र क्रम प्रोसेसरच्या मर्जीवर सोडला. डावीकडे 'तारीख रिकामी नाही ना' विचारून उजवीकडे तिचं रूपांतर करत असाल, तर एरर येऊ शकते. तिथे इफ-देन-एल्स लिहा.

नोड (डेटातले घटक) मोजणाऱ्या काउंटचं म्हणाल तर नोड आहे की नाही एवढंच हवं असल्यास टेस्टमध्ये नुसता पाथ, म्हणजे नोडचा पत्ता, पुरतो. पण सॅक्सनसारखा प्रोसेसर ते स्वतःच ओळखून घेतो, त्यामुळे फार काही हाती लागत नाही.

एकूण आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (आपल्याला सोमेश्वर जवळ, एवढंच.) वेळ खातो तो टेस्टमधला //व्यापारी, म्हणजे 'अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये व्यापारी शोध', आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही. समजा २,००० लॉट आहेत, प्रत्येकी १० नोड. लॉटचा व्यापारी यादीत नसेल तर प्रोसेसर दर वेळी अख्खं डॉक्युमेंट पालथं घालणार: २,००० गुणिले २०,०००, म्हणजे ४ कोटी नोड. व्यापाऱ्याच्या क्रमांकावर एक्सएसएल-की (शोधासाठीचा इंडेक्स) बांधा. इंडेक्स सहसा एकदाच तयार होतो, मग प्रत्येक टेस्ट थेट त्या व्यापाऱ्यापाशी पोचते. चूज आहे तिथेच राहू द्या.