मी तर रडले

काल सकाळी ऑफिसात पाऊल ठेवलं, तर माझ्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाशेजारी टिश्यू पेपरचा गुलाबी डबा. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, लागंल म्हणलं." मागं कनिष्ठ सहायकांची सगळी फळी फायलींत तोंड खुपसून खुदखुदत होती. गेली 14 वर्षं मी या ऑफिसात डिंकाची बाटली मागते आहे. ती आजवर मिळाली नाही. टिश्यू पेपर मात्र एका रात्रीत मंजूर.

कारण एक रील, सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांपुढं माइक धरून काढलेलं. त्यात मी आहे, जेमतेम दोन सेकंद. घामानं निथळलेली, काजळ गालापर्यंत उतरलेलं, आणि म्हणते आहे, "मी तर रडले!" खाली दोन रडके चेहरे आणि पिवळ्या अक्षरांत 'काकूंना अश्रू अनावर'.

अनावर वगैरे काही झालं नव्हतं. आणि काकू कुणाची? माझं वय 43 आहे. माइक धरणारा पोरगा तिशीच्या अलीकडचा नव्हता, त्याच्या दाढीत दोन पांढरे केस मी स्वतः पाहिले. आमच्या परभणीत भाजीवाली ताई म्हणते, रिक्षावाला माय म्हणतो, बँकेतला कॅशियर तर मान वर न करता नुसतं 'बोला' म्हणतो. हे सगळं चालतं. काकू हा शब्द मात्र माझ्या धाकट्या जावेसाठी राखून ठेवला होता.

सिनेमाचं नाव सांगणार नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही, आणि नाव सांगितलं की तुम्ही आधी ते रील शोधाल.

लग्नाचा विसावा वाढदिवस होता. पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं तिकडून दोन तिकिटं काढून मोबाइलवर पाठवली. "आई, ऑफिसमधली लव्हस्टोरी आहे, कॉमेडी. तुला एकदम रिलेट होईल." ऑफिस आमच्या दोघींत एकच, आणि ते माझं. तिथं मी आवक-जावक सांभाळते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वहीत नोंदवायचा, पुढं सारायचा. यात प्रेम कुठून शिरणार ते मला कधी समजलं नाही, पण पोरीनं पैसे भरले होते.

मे महिना, दुपारचा शो. बाहेर पारा 44 च्या वर. आमचे हे राष्ट्रगीताला ताठ उभे राहिले आणि संपताच खुर्चीत बसले ते झोपायलाच. ते जी-दहा, मी जी-अकरा. आणि माझ्या उजव्या हाताला जी-बारा.

जी-बारा म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल. निवृत्त अव्वल कारकून. हे त्यांनी जाहिराती चालू असतानाच सांगून टाकलं. नातवानं आणलं होतं, आणि नातू मित्रांबरोबर मागच्या रांगेत जाऊन बसला होता. का, ते पाचव्या मिनिटाला कळलं.

पडद्यावर काचेचं ऑफिस. टेबलावर एक लॅपटॉप, एक कुंडी. कागदाचा कपटा नाही. नायक आत येतो, सगळ्या पोरी माना वळवतात.

"हा कोण?" जी-बारांनी विचारलं. कुजबुजत नाही हं, सुनावणीला पुकारा करावा तसं.

"हिरो."

"ते कळलं. पद काय?"

"साहेब आहे बहुतेक."

"आन ही?"

"त्याच्या हाताखालची."

"मग ही त्याला अरेतुरे कामून करू लाली?"

मी म्हटलं, खासगी कंपनीत चालतं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. दोन मिनिटांनी पुन्हा, "हा आजच आलाय ना? रुजू अहवाल कुठाय? डायरेक खुर्चीवरच बसला की."

पुढं नायिका रागानं नायकाच्या टेबलावर फाइल आपटते. सबंध सिनेमातली ती एकुलती एक फाइल. जी-बारा पुढं वाकून बघायला लागले. "पताका न्हाई. पान क्रमांक न्हाई. अशी फाइल आमच्या साहेबांनी तोंडावर मारली असती."

मग लिफ्ट. ही लिफ्ट अशा सिनेमांत बंद पडतेच, तिला दुसरं काम नसतं. दिवे जातात, दोघं अंधारात, व्हायोलिन सुरू होतं, त्याचा श्वास, तिचे केस, आख्खं थिएटर चिडीचूप. आणि त्या शांततेत, लाल पेन खिशात नीट खोचत, जी-बारा: "देखभाल-दुरुस्तीचा करार संपला असंल."

थिएटर फुटलं. मीही हसले, नाही म्हणत नाही. मागून "आजोबा!" असं कळवळून कुणीतरी ओरडलं. आमचे हे दचकून जागे झाले, "संपला का?" म्हणाले आणि परत झोपले.

तिथून त्यांना जोर चढला. सगळं ऑफिस गोव्याला जातं, तर "दौरा कुणी मंजूर केला? प्रवास भत्ता कोन देऊ लालंय?" समुद्रात नाच, तर "कामाचे दिवस हायेत का सुट्टी?" नायक रात्री बारा वाजता केक घेऊन तिच्या दारात, तर माझ्याकडं वळून, "तुम्हीच सांगा बाई, हे बराबर हाय का?"

बरोबर नव्हतंच. आमच्या ऑफिसात कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं नेमलेली अंतर्गत तक्रार समिती आहे, आणि मी तिची सदस्य. आवडीनं नाही, निम्म्या तरी बायका लागतात आणि आम्ही मोजून चौघी. पण नियम पाठ आहेत. हा नायक पहिल्या तासात तिच्या खुर्चीमागं वाकून उभा राहतो, तिचा फोन उघडतो, रजा नाकारतो आणि वर म्हणतो, रागात तू किती छान दिसतेस. समितीपुढं हे आलं असतं तर चहा पिऊन होईस्तोवर अहवाल तयार झाला असता. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते. या बाईनं तेवढ्यात साखरपुडा उरकला.

पूर्वी बरं होतं असं म्हणायची माझी पद्धत नाही, पूर्वी पंखेसुद्धा नव्हते. पण 1976 चा 'छोटी सी बात' आठवतो. बासू चटर्जींचा. अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाकडं बघत उभा, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. पालेकर त्याआधी खरोखरच बँकेत नोकरीला होते, त्यामुळं त्यांचा कारकून कारकुनासारखा उभा राहतो, खांदे किंचित पाडून. आताचा नायक जिममधून थेट मीटिंगला येतो. आमच्याकडं त्या दंडाचा एक माणूस आहे, तो पाण्याचे जार पोचवतो.

मध्यंतरात जी-बारांनी चौकशी सुरू केली. कुठल्या ऑफिसात? कुठली शाखा? आवक-जावक म्हटल्यावर माणूस एकदम उजळला. खिशातून चार घड्यांची झेरॉक्स निघाली. वर आमचाच गोल शिक्का, आणि आकडा माझ्या हातचा.

"आवक क्रमांक 1184. दिनांक 11 फेब्रुवारी. सेवापुस्तकात तीन वर्षांची नोंद तुमच्या हापिसची हाय, ती साक्षांकित करून पायजे. तीन महिने झाले."

मी म्हटलं, काका, मी फक्त नंबर टाकते, कागद पुढं आस्थापनेला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदी बघणाऱ्या शाखेला जातो.

"2005 चा कायदा," ते म्हणाले. "बदल्यांचा न्हाई का, त्याच्यातच विलंबाचाबी हाय. एका टेबलावर सात कामाच्या दिवसांवर फाइल ठिवता येत न्हाई."

मला ठाऊक होतं. माझ्या टेबलावरून ती दुसऱ्या दिवशीच गेली होती, हेही ठाऊक होतं. पण 20 वर्षांच्या संसाराचा वाढदिवस, हातात 180 रुपयांचे पॉपकॉर्न, आणि मी एका अनोळखी माणसाला प्रलंबित अर्जाचा खुलासा देत उभी.

मध्यंतरानंतर एसी बंद पडला. दारावरच्या पोरानं सांगितलं, "चालूच आहे." आमच्या भागात चालू असण्याची व्याख्या विशाल आहे. बोअर चालू असतो, योजना चालू असते, रस्त्याचं काम तर माझ्या लग्नापासून चालू आहे. दहा मिनिटांत पाठ खुर्चीला चिकटली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ज्यानं काढली, तो मे महिन्यात दुपारच्या शोला आला असणार.

आणि नेमका तेव्हाच सिनेमा माझ्यापर्यंत पोचला. नायिका तीन रात्री जागून एक सादरीकरण करते. दुसऱ्या दिवशी नायक ते बड्या साहेबांपुढं आपलं म्हणून मांडतो. टाळ्या. ती काचेपलीकडं उभी राहून बघते.

जी-बारा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, अख्ख्या शोमध्ये पहिल्यांदा हळू, "टिपणी हिची, सही ह्याची. हे मातर बराबर दाखवलं."

दोन वर्षांपूर्वी मी तुंबलेल्या टपालावर 11 पानांची टिपणी लिहिली होती. कुठला कागद कुठल्या टेबलावर किती दिवस झोपतो, तक्त्यासकट. साहेबांनी ती छत्रपती संभाजीनगरच्या बैठकीत वाचली. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते केबिनमध्ये घड्याळाखाली टांगलं आहे. मला त्या दिवशी ऑफिस सांभाळायला ठेवलं होतं. संध्याकाळी सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या वाट्याला अर्धा आला. साखर वाढेल म्हणून, असं ते हसून म्हणाले. मला साखर नाही.

पडद्यावर काय झालं? विमानतळ. पाऊस. तो धावत येतो, सॉरी म्हणतो, ती हसते आणि गळ्यात पडते. सादरीकरण कुणाच्या नावावर राहिलं, ते दिग्दर्शकालाही सांगावंसं वाटलं नाही. जी-बारांना वेगळीच काळजी. "मुख्यालय सोडायची परवानगी घेतली का ह्यानं?" आणि ती गळपट्ट्यातलं ओळखपत्र कचऱ्यात फेकते तेव्हा, "असा ऱ्हातो का राजीनामा? ना-देय प्रमाणपत्र कोन देईल?"

बाहेर आलो तर दारातच दोन पोरं, एकाच्या हातात लाल स्पंजाचा माइक. "काकू, कसा वाटला पिक्चर? एका शब्दात."

एका शब्दात आमच्याकडं रजासुद्धा मंजूर होत नाही. मी म्हटलं, नीट सांगते. आणि सांगितलं. साडेतीन-चार मिनिटं. की बाबांनो, ऑफिसवरच्या सिनेमात काम तेवढं सोडून सगळं असतं. की ज्यानं माझी टिपणी पळवली त्याच्या गळ्यात मी पावसात काय, दुष्काळातसुद्धा पडणार नाही. की तिनं त्याला माफ करावं हवं तर, पण आधी बड्या साहेबांना पत्र जायला हवं होतं की काम तिचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढं माइक धरला होता, आणि माझ्याकडं बोलण्यासारखं होतं. शेवटी जाता जाता म्हटलं, "आणि एसीचं बघा जरा. काजळ सगळं डोळ्यांत उतरलं, झोंबून झोंबून मी तर रडले."

रविवारी रात्री रील आलं. माझ्यानंतर लगेच जी-बारा. त्यांना पूर्ण 40 सेकंद. "पिक्चर चांगलाय. पण आस्थापना शाखा दाखवलीच न्हाई. आस्थापनेबिगर हापिस चालतंय का? चार स्टार." खाली हसण्याचा पूर. 'आजोबा रॉक्स', 'आस्थापना आजोबा', 'ह्यांना हिरो करा'. माझ्याबद्दल एकच: 'काकू जरा जास्तच सेंटी'. तेही बहुतेक जावेनं लिहिलं असावं, फोटोच्या जागी गुलाब आहे.

लेकीचा फोन आला. "आई, इतका आवडला?"

तर काल, टिश्यू पेपरच्या डब्यानंतर, दुपारी बाराच्या सुमाराला ऑफिसात एकदम गलका. जी-बारा. झेरॉक्स हातात, लाल-निळी पेनं खिशात. "आले, आले, आस्थापना आजोबा आले!" कनिष्ठ सहायक उभे राहिले. निवृत्त माणसासाठी या ऑफिसात कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आस्थापनेच्या बाईंनी सेल्फी काढला. साहेबांनी स्वतः केबिनचं दार उघडून आत नेलं, प्रशस्तिपत्राखाली बसवलं, चहा पाजला. तीन महिने न सापडलेलं सेवापुस्तक 20 मिनिटांत सापडलं. साडेतीनला सही. पावणेचारला कागद जावक नंबरासाठी माझ्यापुढं.

मी नंबर टाकला. शिक्का मारला, जरा जोरातच. ते समोर उभे राहून शाई वाळायची वाट बघत होते. मग त्यांचं लक्ष गुलाबी डब्याकडं गेलं.

"लै रडल्या म्हनं तुम्ही, बाई."

"मी रडले नाही हो काका. एसी बंद होता. मी टिपणीचं बोलले होते सगळं, त्यांनी कापलं. तुम्ही शेजारीच उभे होतात की."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, वरून बटण लावलं.

"मग तसं लेखी द्या. दोन प्रतीत. एकीवर पोच घ्या."