‘इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, ड्रिलची गरजच नाही’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

घरासाठी बॅटरीवर चालणारी हत्यारे घ्यायला निघालेल्या माणसाला सध्या एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा : ड्रिल मशीनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५०-६० न्यूटन-मीटर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरचा, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणाऱ्या यंत्राचा, १५०-१८०, मग तिप्पट जोराचे यंत्र सोडून ड्रिल घ्यायचे कशाला, शिवाय ‘इम्पॅक्ट’ असल्यामुळे ते काँक्रीटलाही भोक पाडते, घेताना ४८ व्होल्टच्या पुढचेच घ्यावे, कारण व्होल्ट वाढले की जोर वाढतो, आणि वायरचे जुने मशीन असेल तर भंगारात द्यावे. यांतल्या पहिल्या विधानातले आकडे खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उरलेली तीन विधाने तर मुळातच टिकत नाहीत. या सल्ल्यावर विसंबून पहिले हत्यार घेणारा माणूस बहुधा पहिल्याच भोकाला अडतो आणि दोष हत्याराच्या निवडीत असताना ‘हे काम आपले नव्हे’ अशी समजूत करून घेतो. तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

टॉर्कचे दोन्ही आकडे एकाच मापात लिहिलेले असले तरी ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. ड्रिलमध्ये मोटरचा जोर गिअरमधून सलगपणे चकपर्यंत, म्हणजे बिट (भोक पाडणारे किंवा स्क्रू फिरवणारे टोक) धरणाऱ्या तोंडापर्यंत पोचतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या पोटात मात्र स्प्रिंगने दाबून धरलेला एक पोलादी हातोडा असतो. स्क्रू सहज फिरतो आहे तोवर तो नुसता सोबत फिरतो, आणि अडथळा वाढला की मागे सरकून सुटतो व फिरण्याच्या दिशेनेच समोरच्या ऐरणीवर आदळतो. असे ठोके मिनिटाला ३,०००हून अधिक पडतात, आणि १५०-१८० हा आकडा त्या क्षणिक ठोक्यांचा असतो. लांब स्क्रू लाकडात शिरताना मनगटाला हिसका बसत नाही तो याच रचनेमुळे, आणि गंजून बसलेला स्क्रू सोडवण्यात हे यंत्र साध्या ड्रिलला मागे टाकते तेही याच कारणाने. ही त्याची खरी गुणवत्ता आहे आणि ती नाकारण्याचे काहीच कारण नाही.

पण घरातले बहुतेक स्क्रू लांबही नसतात आणि गंजलेलेही नसतात. कपाटाच्या बिजागरीचा १६ मिलिमीटरचा स्क्रू पार्टिकल बोर्डात बसवताना कस लागतो तो वेळेवर थांबण्याचा. ड्रिलच्या चकमागे आकडे कोरलेली जी कडी असते ती क्लचची. ठरवलेल्या जोरापुढे गेले की क्लच कटकट आवाज करून सुटतो आणि स्क्रू जिथल्या तिथे थांबतो. साध्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. ट्रिगरवर बोट क्षणभर अधिक राहिले तर बोर्डातले आटे निघून जातात किंवा बारीक पितळी स्क्रूचे डोकेच तुटते, आणि एकदा भुसा झालेल्या त्या भोकात तोच स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. जादा टॉर्क इथे नुकसानच करतो. शिवाय इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या तोंडात पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या षटकोनी दांड्याचेच बिट बसते. घरातल्या डब्यात पडलेली गोल दांड्याची बिटे त्यात धरताच येत नाहीत. ड्रिलच्या १० किंवा १३ मिलिमीटरच्या चकमध्ये दोन्ही प्रकारची बिटे बसतात.

आता ‘इम्पॅक्ट’ या शब्दाकडे येतो, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. बाजारात हा शब्द दोन अगदी वेगळ्या यंत्रांवर छापलेला असतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, तर इम्पॅक्ट ड्रिलचा ठोका बिटाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे थेट भिंतीत बसतो. काँक्रीट किंवा वीट लाकडासारखी कापली जात नाही. बिटाच्या कार्बाइडच्या टोकाने ती समोरून ठेचावी लागते आणि झालेला चुरा फिरत्या बिटाने बाहेर काढावा लागतो. त्यामुळे फिरवण्याचा कितीही जोर लावला तरी काँक्रीटमध्ये टोक पुढे सरकत नाही, नुसते घासत राहते, तापते आणि बोथट होते. मऊ विटेत एखादे बारीक भोक इम्पॅक्ट ड्रायव्हरने पडेलही, पण त्यावरून तो भिंतीचे हत्यार ठरत नाही. एका शेजाऱ्यांच्या नव्या घरात पडद्याचा रॉड लावताना मी हे डोळ्यांनी पाहिले आहे : दहा मिनिटांत भोक जेमतेम पाच मिलिमीटर खोल गेले आणि नवे कोरे बिट निळे पडले.

ते घर मुंबईतल्या उंच इमारतीत होते, हे इथे महत्त्वाचे आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत, जिला बांधकामावरची माणसे ‘मायवान’ म्हणतात, तिने उभारलेल्या इमारतींत बहुतेक भिंती सळई घातलेल्या काँक्रीटच्याच असतात. अशा घरात बॅटरीवरचे इम्पॅक्ट ड्रिलसुद्धा धापा टाकते, कारण त्याचे ठोके दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून निर्माण होतात; ते मिनिटाला वीस हजारांच्या घरात असले तरी प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि मागून माणसालाच रेटा द्यावा लागतो. तिथे काम करते ते रोटरी हॅमर. त्यात पिस्टन हवेच्या दाबाने ठोका मारतो, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच असतात, पण लहान यंत्राचा एकेक ठोकाही एक ते अडीच ज्यूल ऊर्जेचा असतो आणि माणसाला यंत्र फक्त सरळ धरायचे असते. त्याला एसडीएस-प्लस, म्हणजे खाचा पाडलेल्या दांड्याची बिटे लागतात, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

याउलट जुन्या चाळी-वाड्यांतल्या किंवा साध्या तीन-चार मजली इमारतींतल्या विटांच्या भिंतीत १८ व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल सहा-आठ मिलिमीटरचे भोक सहज पाडते. फक्त कॉलम किंवा बीम लागला की गाठ काँक्रीटशी पडते. एएसी म्हणजे सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंतीत तर ठोका बंदच ठेवावा, नाहीतर भोक मोठे होऊन स्क्रूसाठी बसवलेला प्लास्टिकचा प्लग आत फिरत राहतो. टाइलवरही चकाकी फुटेपर्यंत आणि टाइल पार होईपर्यंत ठोका लावू नये. आपली भिंत कशाची आहे हे ठाऊक नसेल तर कोपऱ्यात एक लहान भोक पाडून भुकटी पाहावी : लाल पडली तर वीट, बिट लोण्यात गेल्यासारखे शिरून पांढरट-राखाडी भुकटी पडली तर एएसी, आणि करडी, बारीक भुकटी पडून बिट अडून राहिले तर काँक्रीट. मात्र स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि न्हाणीघराच्या भिंतीला हा प्रयोग करू नये, कारण वायरी आणि पाण्याचे पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात.

मग हा सल्ला आला कुठून? माझ्या मते तो अमेरिकेतल्या घरांतून आला. तिथली असंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. सोळा इंचांवर उभ्या लाकडी पट्ट्या आणि त्यांवर अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा अशी भिंत असते, अंगणात लाकडी डेक असतो, आणि काम म्हणजे मुख्यतः लाकडात लांब स्क्रू घालणे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाने आधी इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला तर ते शहाणपणाचेच आहे. पुण्यात किंवा नाशकात घरकाम बहुतेक वेळा भिंतीपासूनच सुरू होते, त्यामुळे तोच सल्ला इथे उलटा पडतो.

व्होल्टच्या आकड्यांबाबत थोडी आकडेमोड पुरते. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ असतो. पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होतात. म्हणजे खोक्यावरचे १८, २० आणि २१ हे तीन आकडे एकाच बॅटरीचे आहेत. खरे ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल लागतील, आणि ते मुठीएवढ्या बॅटरीत मावत नाहीत. खोक्यावर ‘४८’ छापलेल्या लहान बॅटऱ्यांतही बहुधा पाचच सेल असतात, असे बॅटरी उघडली की दिसते. ‘४८ व्हीएफ’ किंवा ‘१२८ व्हीएफ’ या अक्षरांना विजेच्या मापनात काहीही अर्थ नाही. पाहायचेच असेल तर वॉट-तास पाहावेत : १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. आणि त्याहून अधिक पाहावे ते हे, की तीन वर्षांनी तीच बॅटरी सुटी मिळेल का. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा चालत नाही, आणि बॉशसारख्या कंपनीत तर निळ्या व्यावसायिक आणि हिरव्या घरगुती मालिकेच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही परस्परांना चालत नाहीत.

वायरचे मशीन भंगारात देण्याचा सल्ला तर मला अक्षरशः उधळपट्टीचा वाटतो. वर्षातून तीन-चारदा भोके पाडणाऱ्याची बॅटरी बहुतांश काळ कपाटात पडून असते. लिथियम सेल न वापरताही हळूहळू म्हातारा होतो आणि पूर्ण रिकामा राहिला तर चार्जर त्याला पुन्हा स्वीकारत नाही. ६०० वॉटचे वायरचे इम्पॅक्ट ड्रिल दहा वर्षांनीही प्लग लावला की चालू होते. ते घरात असेल तर ठेवावे, आणि त्याच्या जोडीला स्क्रूसाठी १२ व्होल्टचे हलके, क्लच असलेले ड्रिल-ड्रायव्हर घ्यावे. तीन सेलची ही यंत्रे फर्निचरच्या आणि स्विचबोर्डाच्या कामाला पुरतात. काहीच नसेल आणि भिंती विटांच्या असतील तर १८ व्होल्टचे क्लचवाले इम्पॅक्ट ड्रिल घ्यावे; भिंती काँक्रीटच्या असतील तर रोटरी हॅमर घ्यावा किंवा त्या दिवसापुरता भाड्याने आणावा.

इम्पॅक्ट ड्रायव्हरची पाळी त्यानंतर येते, आणि काही घरांत ती लवकर येते. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला पत्रे चढवणाऱ्याला लोखंडी पट्टीत शेकडो सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारायचे असतात. तिथे शिडीवर एका हाताने धरता येणारे, मनगट न पिरगाळणारे हेच यंत्र हवे. फक्त कानांत बोळे घालावेत, कारण पत्र्याखाली त्याचा आवाज फार चढतो, आणि रबरी वॉशर पत्र्याला नुकता टेकला की ट्रिगर सोडावा, कारण चेपलेल्या वॉशरखालून पहिल्याच सरीला गळती सुरू होते.